आधी गोष्ट, मग कागद

वाचकभगिनीचे पत्र, थोडे आटोपते घेऊन:

“मी नागपूरला राहते. शाळेत मराठी शिकवत होते, आता निवृत्त आहे. टाळेबंदीच्या काळात काही जुने विद्यार्थी आणि मैत्रिणी यांना जमवून वाचनगट सुरू केला. रविवारी रात्री आठ वाजता आम्ही ऑनलाइन भेटतो. निम्मी मंडळी महाराष्ट्रात आहेत, बाकीची बंगळुरू, न्यू जर्सी, लंडन अशी पांगलेली. आजवर कथासंग्रह वाचले, आत्मचरित्रे वाचली, कधी कोणाचा शब्दाला शब्द लागला नाही. या वेळी रणजित देसाई यांची थोरल्या माधवराव पेशव्यांवरची कादंबरी ‘स्वामी’ घेतली आणि सगळे बिनसले. गटातले एक ज्येष्ठ गृहस्थ प्रत्येक प्रसंगाला ‘याला पुरावा काय?’ असे विचारतात आणि आठवडाभर जुन्या पत्रांची छायाचित्रे गटावर टाकत राहतात. माझ्याच गावचे एक सदस्य नागपूरच्या जानोजी भोसल्यांच्या उल्लेखावरून भडकले आणि वाद आडनावांवर घसरला. दोन तरुण मुलींनी सांगितले, माधवरावांच्या पत्नी रमाबाई सती जातात तो भाग आला की आम्ही बैठकीला येणार नाही. परदेशातली मुले भाषेला अडतात आणि गप्प बसतात. पुस्तक निम्मे राहिले आहे. ते सोडून द्यावे का? त्या गृहस्थांना गटातून काढावे का? आणि यापुढे ऐतिहासिक कादंबरी घ्यावीच का?”

ताई, सादर नमस्कार.

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे आधीच देऊन टाकतो, म्हणजे बाकीचे सवडीने बोलता येईल. पुस्तक सोडू नका आणि त्या गृहस्थांना काढू नका. पुस्तक निम्म्यावर सोडलेत तर गटात जी धुसफूस राहील ती पुढच्या साध्या कथासंग्रहालाही पुरून उरेल. आणि त्या गृहस्थांना काढलेत तर तुमच्या गटातला एकमेव माणूस असा जाईल की ज्याने पुस्तकाबाहेर जाऊन काही वाचण्याची तसदी घेतली आहे. त्यांची चूक वेळेची आहे. त्यांचे म्हणणे चुकीचे आहे असे तुमच्या पत्रावरून तरी दिसत नाही.

कथासंग्रह वाचताना भांडण झाले नाही आणि ‘स्वामी’ला झाले, याचे नवल वाटून घेऊ नका. कथेतली माणसे आपल्याला त्या कथेतच पहिल्यांदा भेटतात, त्यामुळे त्यांच्यावर कोणाचा आधीपासूनचा हक्क नसतो. थोरल्या माधवरावांचे तसे नाही. शाळेच्या पुस्तकातले एक माधवराव, घरच्या वडीलधाऱ्यांनी सांगितलेले दुसरे, आणि ज्यांनी 1980 च्या दशकात याच कादंबरीवरची दूरदर्शन मालिका पाहिली त्यांच्या डोळ्यांपुढचे तिसरे. ही कादंबरी 1962 साली आली, 1964 साली तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, आणि तेव्हापासून कित्येक मराठी घरांत पेशवाईचा इतिहास म्हणजे हेच पुस्तक असे समीकरण होऊन बसले. तुमच्या बैठकीत प्रत्येक जण आपापले माधवराव घेऊन येतो आणि पुस्तकातल्या माधवरावांशी त्यांचा मेळ बसला नाही की शेजाऱ्यावर चिडतो. लंडनच्या मुलाकडे बहुधा असे कोणतेच माधवराव नाहीत, म्हणून तो गप्प आहे. खरे तर लेखकाला हवा असतो तसा वाचक तोच आहे. त्याच्याकडे मी पुढे येतो.

माझे सांगणे थोडक्यात असे की तुमच्या गटात एकाच वेळी दोन कामे चालली आहेत, कादंबरी वाचण्याचे आणि इतिहास तपासण्याचे, आणि दोन्ही एकमेकांच्या पायांत येत आहेत. दोन्ही कामे चांगली आहेत, दोन्ही करा, पण त्यांना वेगळी वेळ द्या. दीड तासाची बैठक असेल तर पहिला तास फक्त पुस्तकाचा, म्हणजे त्या रविवारी ठरलेल्या प्रसंगांत लेखकाने काय दाखवले, कोणाच्या तोंडी काय घातले, कोणाला गप्प ठेवले, एवढ्याचाच. त्या तासात ‘पण प्रत्यक्षात’ या शब्दांनी वाक्य सुरू करायला कोणालाही मुभा नको, तुम्हालाही नको. उरलेला अर्धा तास कागदांचा. रविवारची बैठक होईपर्यंत त्या भागाशी संबंधित पत्र, बखर, लेख, कोणाच्या तरी व्याख्यानाची ध्वनिफीत, यांतले काहीही गटावर पडू नये. बैठक संपली की खुशाल पडू दे.

हा क्रम मी सुचवतो आहे तो केवळ शांतता राखण्यासाठी नाही. कागद आधी आला की गोष्ट नीट ऐकूच येत नाही, आणि गोष्ट नीट ऐकली नाही की कागदाला विचारायचा प्रश्नही सापडत नाही. एक उदाहरण जवळून पाहू.

राक्षसभुवनची लढाई 10 ऑगस्ट 1763 रोजी झाली. हे गाव आजच्या बीड जिल्ह्यात गोदावरीच्या काठी आहे. पावसाळ्याचे दिवस, नदी भरलेली, हैदराबादचा निजामअली फौजेचा एक भाग घेऊन पलीकडे उतरलेला आणि त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर उरलेल्या फौजेसह अलीकडच्या तीरावर, अशा अवस्थेत मराठी फौजा त्याच्यावर जाऊन पडल्या. लढाईच्या ऐन भरात माधवरावांचे काका रघुनाथराव गराड्यात सापडले, माधवराव मदतीला धावले, विठ्ठल सुंदर मारला गेला आणि निजामाला तह करावा लागला. कागदांतून आपल्या हाती येते ते साधारण एवढे. आता याच्या मागे नऊ महिने जा. नोव्हेंबर 1762 मध्ये आळेगावला पुतण्याने याच काकांशी लढाई केली होती, ती हरली होती, आणि राज्य दुभंगू नये म्हणून तो आपण होऊन काकांच्या छावणीत जाऊन त्यांच्या स्वाधीन झाला होता. म्हणजे काकांच्या नजरकैदेतून नुकता मोकळा होऊ लागलेला अठरा वर्षांचा मुलगा त्याच काकांचा जीव वाचवायला घोडा घालतो. त्या क्षणी त्याच्या मनात काय होते? कर्तव्य होते, प्रेम होते, की काका गेले तर फौज फुटेल हा रोकडा हिशेब होता? लढाईची बातमी कळवणारा कारकून हे लिहीत नाही आणि लिहिण्याचे त्याला कारणही नव्हते. कादंबरीकाराचे काम इथे सुरू होते.

आता तुमची बैठक कशी चालते ते डोळ्यांपुढे आणा. आधी कागद आला, तर प्रश्न असा पडतो की रघुनाथरावांना गराडा नेमका कुठे पडला आणि फौज किती होती. तो चांगला प्रश्न आहे, पण त्याचे उत्तर दोघांनाच देता येते आणि बाकीचे घड्याळ पाहतात. आधी गोष्ट आली, तर काका-पुतण्यांच्या या नात्याविषयी न्यू जर्सीची मुलगीसुद्धा बोलू शकते, कारण काका आणि पुतणे सगळीकडे आहेत. आणि मग कागद समोर आला की सगळ्यांना मिळून विचारता येते: या प्रसंगात लेखकाच्या हातात किती होते आणि त्याने पदरचे किती घातले? माझ्या मते ऐतिहासिक कादंबरी वाचणाऱ्या गटासाठी यापेक्षा चांगला प्रश्न नाही. ‘खरे की खोटे’ विचारले की दोन पक्ष पडतात आणि चर्चा तिथेच थांबते.

आता त्या गृहस्थांविषयी. त्यांना गटावर जाहीरपणे काही लिहू नका. फोन करा, आणि तक्रार सांगण्याऐवजी काम द्या. दर रविवारचा शेवटचा अर्धा तास त्यांच्याकडे सोपवा, पण तीन अटींवर. एका बैठकीला एकच कागद. तो कोणी, केव्हा आणि घडल्या गोष्टीपासून किती अंतरावर लिहिला हे आधी सांगायचे. आणि त्या कागदात काय नाही हेही सांगायचे. तिसरी अट सर्वांत महत्त्वाची आहे आणि अभ्यासू माणसाला ती आवडते असा माझा अनुभव आहे.

दुसऱ्या अटीचे कारण असे की ‘पुरावा’ हा एकच शब्द वापरून आपण फार वेगवेगळ्या वस्तू एकमेकांशेजारी ठेवतो. पेशव्यांचे न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांची ती प्रसिद्ध गोष्ट घ्या. माधवराव जपाला बसलेले असतात, कामासाठी आलेले शास्त्रीबुवा न भेटता परत जातात आणि दुसऱ्या दिवशी काशीला जाण्याचा निरोप मागतात. राज्य करायचे असेल तर प्रजेचे काम हाच आपला धर्म, नाहीतर मसनद सोडा आणि आपण दोघेही गंगातीरी जाऊन जप करू, असे पेशव्यांना तोंडावर सांगतात. माधवरावांविषयी बोलताना ही गोष्ट कोणी ना कोणी काढतोच. ती ग्रँट डफ या ब्रिटिश इतिहासकाराने लिहिलेल्या मराठ्यांच्या इतिहासात आहे, म्हणून ‘इतिहासात आहे’ असे आपण म्हणतो. पण डफचा ग्रंथ 1826 साली प्रसिद्ध झाला, म्हणजे माधवरावांच्या मृत्यूनंतर 54 वर्षांनी. ही गोष्ट म्हणजे फार तर पुण्या-साताऱ्याकडच्या मंडळींनी जपलेली आठवण. याउलट मोहिमेवरून पुण्याला आलेले पत्र त्या आठवड्यातले असते, पण ते लिहिणाऱ्यालाही आपली बाजू राखायची असते. आणि बखरीविषयी तर काय सांगावे. घटनेनंतर वर्षांनी लिहिलेल्या बखरींत राजे, सरदार, त्यांच्या बायका असे काही बोलतात की बखरकाराला संवाद रचायची हौस कादंबरीकारापेक्षा तसूभरही कमी नव्हती हे पटते. तुमचे गृहस्थ ज्या बखरीचा दाखला देऊन कादंबरीचा प्रसंग खोडून काढतात, ती बखर त्याच जातीची आहे का, हे त्यांनीच गटाला सांगितले पाहिजे.

त्यांना सामग्री कमी पडणार नाही. वि. का. राजवाडे यांनी 1898 पासून छापायला घेतलेले ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे खंड आहेत, वासुदेवशास्त्री खरे यांनी पटवर्धनांच्या दप्तरातून काढलेला ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ आहे, गो. स. सरदेसाई यांनी 1930 च्या दशकाच्या पूर्वार्धात संपादित केलेले पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे 45 खंड आहेत. हे सगळे कादंबरी लिहिली गेली तेव्हा छापील स्वरूपात उपलब्ध होते, ही गोष्ट ‘लेखकाच्या हातात किती होते’ या प्रश्नासाठी लक्षात ठेवण्यासारखी आहे. एखाद्या रविवारी त्यांना फक्त पत्रावरची तारीख कशी वाचायची ते दाखवू द्या. जुन्या पत्रावर ‘अर्बा सितैन मया व अल्लफ’ असे काहीतरी असते. अरबी अंकशब्दांत ते 4, 60, 100 आणि 1000, म्हणजे त्या काळच्या कागदांत चालणाऱ्या सुहूर सन या कालगणनेचे 1164. त्यात 599 मिळवले की जूनपासून पुढच्या महिन्यांसाठी 1763 मिळते, म्हणजे राक्षसभुवनचेच वर्ष. मुलांना हे गणित आवडेल आणि गृहस्थांनाही वाटेल की आपले कोणी ऐकते आहे. आठवडाभर पत्रांची छायाचित्रे टाकणाऱ्या माणसाला बहुतेक वेळा एवढेच हवे असते.

जानोजी भोसल्यांचे प्रकरण मात्र मी इतक्या सहज सोडणार नाही, कारण तुमच्या गावच्या त्या सदस्याचा मुद्दा, त्यांनी तो रागाने मांडला तरी, वाचक म्हणून बरोबर आहे. माधवरावांच्या खांद्यावरून पाहिले की जानोजी फितूर दिसतात. 1763 च्या उन्हाळ्यात ते निजामाबरोबर होते आणि त्या स्वारीत पुणे लुटले आणि जाळले गेले, हे घडलेले आहे. पण नागपूरकडून पाहिले तर चित्राची दुसरी बाजू दिसते. भोसल्यांना सेनासाहेबसुभा हे पद सातारच्या छत्रपतींकडून मिळालेले होते, पेशव्यांकडून नव्हे. पेशवा हा त्यांच्या लेखी त्याच धन्याचा दुसरा चाकर होता आणि त्याने आपल्याला हुकूम करावेत हे त्यांना मान्य नव्हते. ज्या दिवसांत पुणे जळत होते त्याच सुमारास पेशव्यांच्या फौजा वऱ्हाडात आणि निजामाच्या मुलखात लूट करत फिरत होत्या. शिवाय त्या स्वारीत मिरजेचे गोपाळराव पटवर्धनही निजामाकडेच होते, कारण रघुनाथरावांनी मिरज त्यांच्याकडून काढून घेतली होती. त्यांना मात्र आपण फितूर म्हणायला कचरतो. राक्षसभुवनच्या आधी जानोजींनी निजामाची साथ सोडली, पुढे पुन्हा बिनसले, आणि 1769 मध्ये कनकापूरचा तह होऊन भोसल्यांना पेशव्यांचे वर्चस्व मान्य करावे लागले.

हे सगळे बैठकीत बोलण्यासारखे आहे. त्या सदस्यांना सांगा की एका रविवारी पंधरा मिनिटे घ्या आणि हीच वर्षे नागपूरच्या बाजूने सांगा. कादंबरीत जानोजी जेवढे दिसतात तेवढेच का दिसतात, हे त्यातून आपोआप पुढे येईल. ज्या कादंबरीचा नायक एक आहे तिच्यात उजेड त्याच्यावरच पडणार आणि बाकीचे अर्धवट अंधारात राहणार, ही लेखकाची लबाडी नव्हे. पण आडनावांच्या बाबतीत मवाळ राहू नका. गटात कोणीही कोणाच्या पूर्वजांचे वकीलपत्र घेतलेले नाही, हे एकदा स्पष्ट शब्दांत सांगून ठेवा. आणि यानंतर कोणी सदस्याच्या जातीवरून वा आडनावावरून बोलला, तर त्या दिवशीची बैठक तिथेच बंद करा, चर्चा न करता. एकदा असे केलेत की दुसऱ्यांदा करावे लागत नाही. अडीचशे वर्षांपूर्वीच्या लढायांत कोण कोणाकडे होते याचा हिशेब आडनावांवरून लावायचा म्हटले, तर वरच्या परिच्छेदातली माणसेच इतक्या वेळा बाजू बदलतात की कोणालाच मान वर करता येणार नाही.

आता त्या दोन मुलींविषयी. त्यांना ‘त्या काळी तसे होते’ असे सांगून गप्प करू नका. ते उत्तर आळशी आहे आणि पुरते खरेही नाही. माधवराव 18 नोव्हेंबर 1772 रोजी, वयाच्या अवघ्या 27 व्या वर्षी, थेऊरला क्षयाने गेले आणि रमाबाई त्यांच्यामागे सती गेल्या, हे इतिहासात पक्के आहे. पण त्याच घरात माधवरावांच्या आई गोपिकाबाई पती नानासाहेबांच्या मृत्यूनंतर सती गेल्या नाहीत, पुढे नाशिकजवळ गंगापूरला जाऊन राहिल्या आणि शेवटपर्यंत कारभारावर करडी नजर ठेवून होत्या. सदाशिवरावभाऊंच्या पार्वतीबाईंनी तर पानिपतानंतर आपला नवरा गेला हेच मान्य केले नाही आणि त्या सौभाग्यवती म्हणूनच राहिल्या. म्हणजे एकाच कुटुंबात, त्याच दहा-बारा वर्षांत, पतीच्या मृत्यूनंतर काय करायचे याची तीन वेगवेगळी उत्तरे तीन स्त्रियांनी दिली. सती जाणे हा तेव्हाही एकमेव मार्ग नव्हता. आणि मुंबई इलाख्यात या प्रथेवर कायद्याने बंदी आली ती 1830 साली, बंगालच्या पाठोपाठ, म्हणजे रमाबाईंनंतर अठ्ठावन्न वर्षांनी.

मुलींना हे आधी सांगा आणि मग त्यांना विचारा की तुम्हाला नेमके काय सोसवत नाही: घडलेली घटना, की ती सांगताना लेखकाच्या आवाजात आलेला आदर? हे दोन वेगळे आहेत. रमाबाई आणि माधवराव यांच्यात एकांतात काय बोलणे होत असे हे कळण्याचा मार्ग कोणाकडेच नाही; त्यांच्या नात्याला कादंबरीत जो ओलावा आहे तो 1962 सालच्या एका लेखकाने दिलेला आहे, आणि शेवटच्या प्रसंगापर्यंत वाचक डोळ्यांत पाणी आणून पोचावा अशी ती रचना आहे. वाचकाला रडू येते आणि त्याच वेळी अस्वस्थही वाटते, असे झाले तर ते दडपू नये. माझा सल्ला असा की शेवटच्या भागासाठी एक पूर्ण रविवार राखून ठेवा, त्या दिवशी कागदांचा अर्धा तास रद्द करा, आणि बोलायला सुरुवात त्या दोघींनी करावी. त्यांना यायचेच नसेल तर आग्रह नको. चार ओळी लिहून पाठवल्या तर त्या तुम्ही वाचून दाखवा. ज्येष्ठ मंडळींपैकी कोणाला त्या ओळींचा राग आला, तर त्यांना ही बैठक पुस्तकाची आहे, श्रद्धेची नाही, एवढे नम्रपणे सांगा. (यावर मला रागावणारी पत्रे येतील याची कल्पना आहे. येऊ द्यात.)

परदेशातल्या मुलांच्या अडचणी बहुतेक व्यवहारातल्या आहेत आणि लवकर सुटतील. सरंजाम, खलिता, हुजरात, मसलत, पागा हे शब्द त्यांना अडतात, यात त्यांचा दोष नाही. प्रत्येक बैठकीआधी दहा-बारा शब्दांचे अर्थ गटावर टाका, आणि ते काम दर वेळी वेगळ्या मुलाला द्या, कारण ज्याने अर्थ शोधला त्याच्या तो लक्षात राहतो. एक नकाशा करा. पुणे, थेऊर, राक्षसभुवन, आणि रघुनाथरावांना 1768 साली ज्या किल्ल्यावर पकडले तो नाशिककडचा धोडप, एवढ्या खुणा केल्या तरी ‘फौज कूच करून गेली’ या वाक्याला किती दिवसांची धूळ आहे ते कळते. वाचायचा भाग पानांच्या आकड्यांनी ठरवू नका. प्रत्येकाकडे वेगळी आवृत्ती असते आणि बैठकीची पहिली दहा मिनिटे ‘तुमचे पान कोणते’ यात जातात. प्रसंगावरून ठरवा. अमेरिकेतली घड्याळे मार्चमध्ये पुढे आणि नोव्हेंबरमध्ये मागे होतात, त्यामुळे तुमचे रात्रीचे आठ म्हणजे न्यू जर्सीत उन्हाळ्यात सकाळचे साडेदहा आणि हिवाळ्यात साडेनऊ. ही सूचना महिनाभर आधी गटावर असू द्या.

तुम्ही विचारले नाहीत, पण अशा गटांत हे होते म्हणून सांगतो. पुस्तक तिकडे मिळत नाही या सबबीवर कोणी त्याची स्कॅन केलेली पीडीएफ फिरवत असेल तर ती थांबवा. रणजित देसाई 1992 साली गेले. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे स्वामित्वहक्क टिकतो, म्हणजे ही कादंबरी 2052 च्या अखेरपर्यंत कोणालाही फुकट वाटता येणार नाही. वर सांगितलेले राजवाडे आणि सरदेसाई यांचे काम मात्र हक्कमुक्त झालेले आहे, तेव्हा कागदांच्या अर्ध्या तासासाठी चोरीची गरज पडणार नाही.

गप्प बसणाऱ्या त्या लंडनच्या मुलाला मी विसरलो नाही. पुढच्या बैठकीत पहिला प्रश्न त्याला विचारा, आणि तो ज्ञानाचा नको. ‘आतापर्यंत या पुस्तकातले कोणते माणूस तुला आवडले नाही?’ असा साधा प्रश्न. त्याने माधवरावांचेच नाव घेतले तर फारच उत्तम. शीघ्रकोपी, कर्तव्याने स्वतःला जाळून घेणाऱ्या तरुण माणसाबरोबर राहणे सोपे नव्हते, हे त्याला जाणवले असेल. ज्येष्ठांनी तेवढ्या वेळापुरते आपले माधवराव बाजूला ठेवून त्याचे ऐकावे.

तुमचा शेवटचा प्रश्न, ऐतिहासिक कादंबरी यापुढे घ्यावी का. घ्याच, पण लगोलग नको. मध्ये दोन हलकी पुस्तके होऊ द्या. नंतर ज्याच्याविषयी गटात फारसे कोणी हळवे नाही असा नायक निवडा. ना. सं. इनामदार यांची ‘झेप’ आहे, त्रिंबकजी डेंगळ्यांवरची. पेशवाईच्या अखेरीचा हा माणूस बहुतेकांना नावापलीकडे माहीत नसतो, म्हणून सगळे एकाच जागेवरून वाचायला लागतील. किंवा थेट मागे जाऊन रा. भि. गुंजीकर यांची 1871 ची ‘मोचनगड’ घ्या, जी मराठीतली पहिली ऐतिहासिक कादंबरी मानली जाते. ती हक्कमुक्त आहे, त्यामुळे पीडीएफचा प्रश्नही येत नाही, आणि भाषा इतकी जुनी आहे की नागपूर, पुणे आणि लंडन सगळेच सारखे अडखळतील. कोणते पुस्तक घ्यायचे ते ‘स्वामी’च्या शेवटच्या बैठकीत, समोरासमोर ठरवा. गटावर मतदान ठेवू नका. एकोणीस पर्याय सुचवले जातात, तीन जण मत देतात, आणि पुढचे दोन रविवार त्या निकालावर वाद होतो.